न फिटणारा विटाळ : ऑस्टोमी, देहाची भाषा आणि मराठी आत्मकथन

१

मराठी समीक्षेत ‘अनुभव’ ही संकल्पना दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिली आहे. अनुभवाची पृथगात्मता, त्याची अस्सलता, त्याचे सामाजिक स्थान आणि तो शब्दबद्ध करण्याचा अधिकार या प्रश्नांवर नवसाहित्याच्या काळापासून वाद झाले; दलित साहित्याने हे वाद पुन्हा पायापासून मांडायला लावले. तथापि या चर्चेतील एक गृहीत सहसा तपासले गेले नाही. अनुभव पुरेसा तीव्र आणि प्रामाणिक असेल तर भाषेत त्याला कोठे ना कोठे जागा मिळतेच, असे ते गृहीत होय. प्रत्यक्षात प्रत्येक भाषेत काही अनुभवांसाठी जागा आधीच केलेली असते आणि काहींसाठी ती नसते. ज्या अनुभवासाठी अशी जागा नसते त्याचा धनी लेखनापासून तर वंचित राहतोच, परंतु डॉक्टरला प्रश्न विचारणे, घरच्यांना सांगणे, मदत मागणे हेही त्याला अवघड होऊन बसते. ऑस्टोमी हा अशा अनुभवांपैकी एक आहे.

आतड्यातील किंवा मूत्रमार्गातील प्रवाह नैसर्गिक वाटेने जाऊ शकत नसेल, तेव्हा पोटाच्या भिंतीवर छिद्र करून तो तेथून बाहेर वळवला जातो. आतड्याचे टोक त्वचेपाशी आणून शिवतात. या छिद्राला स्टोमा म्हणतात. मोठे आतडे असे बाहेर आणले तर ती कोलोस्टोमी, लहान आतडे आणले तर इलिओस्टोमी. या छिद्राला आवरून धरणारा स्नायू नसतो. मल आपल्या वेळेने येतो आणि पोटाला चिकटवलेल्या पिशवीत साठतो. अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मलाशयाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये इलिओस्टोमीची आजची रीत मांडली. १९५४ मध्ये एलिझ सोरेन्सन या डॅनिश परिचारिकेने आपल्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना पुढे आणली. तर १९६१ मध्ये क्लीव्हलँड येथे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल आणि स्वतः इलिओस्टोमी झालेल्या नॉर्मा गिल यांनी स्टोमाची देखभाल शिकवणारे प्रशिक्षण सुरू केले. यांतील पहिल्या दोन घटना शस्त्रक्रियेच्या इतिहासातील आहेत, नंतरच्या दोन जगण्याच्या. शस्त्रक्रियेने जीव वाचवल्यावर जगायचे कसे हा प्रश्न एका बहिणीने आणि एका रुग्णाने सोडवायला घेतला, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

शस्त्रक्रिया सर्वत्र जवळपास सारखी असते. तिच्यासह जगणे मात्र सारखे नसते. या भिन्नतेचे स्पष्टीकरण देताना बहुधा गरिबी, अज्ञान आणि सोयींचा अभाव या कारणांकडे बोट दाखवले जाते. ही कारणे खरी आहेत, पण ती पुरेशी नाहीत. भाषा, शुचितेची कल्पना आणि कथनाचे उपलब्ध आकार या तीन गोष्टी मिळून या जगण्याला घडवतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्याचा परिसर समोर ठेवला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश झाडीबोली, दंडार आणि रात्रभर चालणारी नाटके यांसाठी ओळखला जातो. येथील बोली, येथील श्रम आणि १९५६ नंतरचा येथील बौद्ध समाज यांमुळे हा प्रश्न एकसुरी राहत नाही.

२

प्रथम नावाचा विचार करावा लागतो. ‘स्टोमा’ हा मुळात ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘तोंड’ असा आहे. पाश्चात्त्य वैद्यकाने मल बाहेर टाकणाऱ्या वाटेला निःसंकोचपणे तोंड म्हटले. मराठीत हे भाषांतर शब्दशः करून पाहिले की त्यातील अडचण लगेच जाणवते. गीतेच्या पाचव्या अध्यायात देह हे नऊ दारांचे नगर मानले आहे आणि आपल्या परंपरेत ही दारे एका उतरंडीत मांडलेली आहेत. मुख हे वाणीचे आणि अन्नाचे दार. गुद हे त्याचे दुसरे टोक. उष्टे आणि सोवळे यांचे सारे नियम या दोन टोकांमधील अंतर राखण्यासाठी आहेत. योगमार्गाने दहावे दार कल्पिले, पण ते टाळूशी, ब्रह्मरंध्राच्या रूपाने. बेंबीच्या शेजारी उघडणाऱ्या दाराची सोय या नगररचनेत नाही.

मराठी बोलणाऱ्यांनी मग एक व्यवहारी शब्द वापरात आणला : पिशवी. ‘पोटाला पिशवी लावली’ एवढे म्हटले की काम भागते. परंतु हा शब्दही मोकळा नव्हता. ग्रामीण मराठीत ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय, आणि ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. बाईच्या संदर्भात ‘पिशवीचे ऑपरेशन’ असे म्हटले की ऐकणारा हाच अर्थ घेतो. या संदिग्धतेने बाईला एक आडोसा मिळतो. तिला खोटे न बोलता लपवता येते. पण त्याच आडोशामुळे तिचा प्रश्न दुसऱ्या प्रश्नात विरघळून जातो आणि तिच्यासारखी दुसरी बाई तिला सापडत नाही.

याहून खोल अडचण क्रियापदांची आहे. मलविसर्जनासाठी मराठी सभ्य बोलण्यात जे वाक्प्रचार आहेत ते बहुतेक सगळे कृतीचे नाव टाळून जागेचे नाव घेतात. परसाकडे जाणे, बाहेरकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे : या प्रत्येकात देह घरापासून दूर नेला जातो. चूल, देवघर आणि पाण्याचे मडके यांच्यापासून ही क्रिया जितकी लांब घडेल तितके घर शुद्ध, असा त्यामागील भूगोल आहे. दुसरे क्रियापद ‘लागणे’. ते शरीराने दिलेली सूचना सांगते. स्टोमा असलेल्या माणसाच्या बाबतीत ही दोन्ही क्रियापदे निकामी होतात. त्याला ‘लागत’ नाही, आणि पिशवी रिकामी करायला तो उठला तरी क्रिया तोवर घडून गेलेली असते. तिच्यासाठी त्याला कोठे ‘जावे’ लागत नाही. जे घराबाहेर जाऊन उरकायचे ते चुलीशेजारी, पंगतीत, देवळाच्या पायरीवर आणि झोपेत घडत राहते. मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये घाणीची व्याख्या अस्थानी असलेली वस्तू अशी केली. मराठीने मलाला वाक्प्रचारातच एक स्थान नेमून दिले होते; ऑस्टोमीने ते काढून घेतले, असे डग्लस यांच्या परिभाषेत म्हणता येईल.

भंडाऱ्याच्या रुग्णाला या अडचणीतून तीन भाषा ओलांडत जावे लागते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे उच्चार नसलेली घरची झाडीबोली, रुग्णालयातील प्रमाण मराठी, आणि केसपेपरावरील इंग्रजी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी साठेक किलोमीटरवरील नागपूर गाठले की बोली आधीच दबलेली असते. आपल्या बोलीतला रोखठोक शब्द डॉक्टरसमोर उच्चारणे अडाणीपणाचे ठरेल या भीतीने रुग्ण गप्प बसतो आणि प्रमाण मराठीतला शब्द त्याच्याजवळ नसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली, ती प्रामुख्याने लोकसाहित्य आणि लोकरंगभूमी यांच्या आधारे. बोलीचा प्रश्न रुग्णालयाच्या दारातही उभा असतो, हे त्या कार्याचे पुढचे पाऊल ठरू शकेल. विशेष म्हणजे शासनाच्या स्वच्छता मोहिमांनी ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द गावोगावच्या फलकांवर रंगवला. ग्राम्य म्हणून टाळलेले क्रियापद अशा रीतीने राजमान्य झाले. परंतु ते लाज वाटावी यासाठी लिहिले गेले, सांगता यावे यासाठी नव्हे.

३

भाषेच्या या भूगोलाला प्रत्यक्ष श्रमाचा आणि उत्सवाचा भूगोल जोडून पाहिला पाहिजे. ऑस्टोमीविषयीचे पाश्चात्त्य लेखन मुख्यतः कर्करोग आणि आतड्याचे दीर्घकालीन दाह यांच्याभोवती फिरते. भारतात त्यांच्या जोडीला विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र, पोटाला झालेली इजा, आणि जन्मतः गुदद्वार नसलेली अर्भके ही कारणेही मोठी आहेत. त्यामुळे येथील रुग्ण पुष्कळदा तरुण असतो, राबता असतो, आणि त्याची पिशवी काही महिन्यांपुरती असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेने आतडे पुन्हा जोडले जाईल या आशेवर तो दिवस काढतो. पैसे आणि प्रकृती यांच्या अडचणींमुळे ही ‘तात्पुरती’ अवस्था लांबत जाते. मलाशयाच्या कर्करोगात ती अनेकदा कायमची असते.

धानाच्या रोवणीचे काम चिखलात, कमरेतून वाकून, दिवसदिवस चालते आणि ते मुख्यतः बायका करतात. वाकलेल्या पोटावर जेथे घडी पडते तेथे स्टोमा असेल तर पिशवी सुटते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी जागा आखताना रुग्णाला उभे, बसलेले आणि वाकलेले पाहावे, परकराचा नाडा किंवा धोतराची गाठ कोठे येते ते लक्षात घ्यावे, असे शिकवले जाते. जे पोट डॉक्टरला पलंगावर आडवे दिसते ते बांधीत पऱ्हे लावताना कसे असते, हे विचारणे म्हणजे संस्कृतीचा विचार करणे होय. येथे संस्कृती ही श्रद्धांची यादी राहत नाही; ती कमरेचा नाडा होते.

उत्सवाच्या बाबतीतही हेच दिसते. अर्व्हिंग गॉफमन यांनी ‘स्टिग्मा’ (१९६३) या ग्रंथात कोलोस्टोमी झालेल्या अमेरिकन नागरिकांच्या हकीगती उपयोगात आणल्या आहेत. त्यांपैकी एक जण लहान चित्रपटगृहात जाणे टाळतो, मोठे चित्रपटगृह निवडतो आणि वाटेलगतची खुर्ची धरतो, म्हणजे अवघड प्रसंगी चटकन उठून जाता यावे. त्याचे सारे आयुष्य अशा हिशेबांनी बांधलेले आहे. पण त्या हिशेबामागे क्रमांक असलेली खुर्ची, काळोख, अनोळखी प्रेक्षक आणि जवळचे स्वच्छतागृह या गोष्टी गृहीत आहेत. भंडाऱ्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. त्यानंतर शंकरपट आणि नाटकांचा हंगाम येतो. मांडवात जमिनीवर खेटून बसलेला ओळखीचा समुदाय पहाटेपर्यंत नाटक पाहतो. तेथे वाटेलगतची खुर्ची नाही आणि अनोळखीपणही नाही. मधूनच उठणारा माणूस कोण, कोणाचा, हे सर्वांना माहीत असते. गॉफमन यांनी कलंक उघड असलेले आणि कलंक उघड होण्याची भीती असलेले असा भेद केला. हा भेद शहरी अनोळखीपणावर उभा आहे. गावात ‘माहीत असणे’ आणि ‘बोलले जाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पिशवीची गोष्ट सर्वांना माहीत असते पण कोणी ती बोलत नाही. आणि हे न बोलणे कधी दयेचे असते, कधी बहिष्काराचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

घरातही पिशवी रिकामी करणे, धुणे, वापरलेली पिशवी पुरणे ही कामे बहुधा पत्नी, आई किंवा मुलगी यांच्या वाट्याला येतात. डोक्यावरचा पदर सावरून सासऱ्यासमोर वावरणाऱ्या सुनेने त्याच्या उघड्या पोटाला हात लावायचा, हा प्रसंग दोघांनाही संकोचाचा असतो. नात्यांची मर्यादा आणि शुश्रूषेची गरज यांचा संघर्ष येथे घडतो, आणि तो सोडवण्याची रीत कोणत्याही रूढीने सांगून ठेवलेली नाही.

४

रूढीने नेमके काय सांगून ठेवले आहे, हा आता मुख्य प्रश्न आहे. महाराष्ट्रीय कुटुंबव्यवस्थेत व्यक्तीला लागणारा विटाळ कालबद्ध असतो. मासिक पाळीचे दिवस मोजलेले असतात, सोयराचे मोजलेले असतात, सुतकाचे मोजलेले असतात. मुदत संपली, स्नान झाले की माणूस परत येतो. म्हणून मराठीत सुतक ‘फिटते’. कर्ज फिटावे तसे ते फिटते, ही प्रतिमा लक्षणीय आहे. याउलट जातीचा विटाळ फिटत नाही. त्याला मुदत नाही आणि त्यावर स्नान नाही. लुई द्युमाँ यांनी जातिव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात, तोही १९६६ चाच, या दोहोंतील आंतरिक संबंध दाखवून दिला : उच्चवर्णीयाचा तात्पुरता विटाळ वाहून नेण्याचे काम ज्यांना लावले त्यांना तो विटाळ कायमचा चिकटवला गेला. व्यक्तीचा विटाळ फिटावा यासाठी जातीचा विटाळ न फिटणारा केला गेला, असे या विवेचनाचे तात्पर्य मराठीत सांगता येईल. द्युमाँ यांच्या मांडणीवर ती ब्राह्मणी दृष्टीने केलेली आहे असा आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्तही आहे; परंतु हे एक निरीक्षण त्या आक्षेपानेही खोडले जात नाही.

कायमची ऑस्टोमी या द्विभाजनात बसत नाही. ती व्यक्तीला येते, जातीला नव्हे. पण तिला मुदत नाही. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला आपल्याच पोटावर असा विटाळ सापडतो, ज्याला फिटण्याची तिथी नाही. देवपूजा करायची किंवा नाही, पंगतीत बसायचे किंवा नाही, लग्नकार्यात पुढे व्हायचे किंवा नाही, या प्रश्नांना परंपरेत तयार उत्तर मिळत नाही. धर्मशास्त्राने आतुराला, म्हणजे रुग्णाला, सवलती दिल्या आहेत. त्याला पूर्ण स्नानाऐवजी पर्याय सांगितले आहेत. परंतु आतुर ही अवस्थाही तात्पुरती मानली आहे. ऑस्टोमी झालेला माणूस जखम भरल्यावर आजारी नसतो. तो शेत करतो, नोकरी करतो, नातवंडे खेळवतो. आजारपणाची सवलत मागावी तर तो आजारी नाही, आणि निरोगी म्हणवून घ्यावे तर शुचितेचे नियम आड येतात.

तुलनेसाठी इस्लामी धर्मशास्त्राकडे पाहता येईल. ज्याच्या शरीरातून सतत स्राव होतो अशा व्यक्तीला तेथे ‘माज़ूर’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. तिने प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी नव्याने वुज़ू करावा. त्यानंतर झालेल्या स्रावाने प्रार्थना बाधित होत नाही. हा नियम ऑस्टोमीलाही लागू केला जातो. अमुक धर्म उदार आणि अमुक धर्म कठोर असा निष्कर्ष यावरून काढणे उथळपणाचे होईल. नियम असूनही संकोचाने मशिदीत न जाणारे रुग्ण असू शकतात. मुद्दा एवढाच की, एका परंपरेने न थांबणाऱ्या स्थितीला नाव दिले आणि दुसरीने थांबणाऱ्याच स्थितींना नावे दिली. ज्या स्थितीला नाव असते तिच्यासंबंधी प्रश्न विचारता येतो.

५

हेच नावाचे आणि मुदतीचे सूत्र साहित्यप्रकारांकडे वळवले म्हणजे मराठी आत्मकथनातील एक पोकळी दिसू लागते. आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजाराच्या कथनांचे तीन आकार सांगितले : पूर्ववत होण्याचे कथन, अराजकाचे कथन आणि शोधाचे कथन. मराठीतील आजाराविषयीचे प्रतिष्ठित लेखन बहुतांशी तिसऱ्या आकाराकडे झुकते. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आजार येथे गुरू होतो आणि जीवनशैलीचे परीक्षण घडवतो. या पुस्तकाच्या यशात लेखकाच्या प्रामाणिकपणाइतकाच हृदय या अवयवाच्या सांस्कृतिक प्रतिष्ठेचाही वाटा आहे. हृदयाला मराठीत आधीच काव्य आहे; तेथील रोगाला ‘साक्षात्कारी’ हे विशेषण शोभून दिसते. हेच विशेषण गुदाच्या रोगाला लावले तर ते विनोदी वाटेल, आणि ते विनोदी वाटावे यातच आपल्या अभिरुचीची सीमा आहे.

या सीमेचे शास्त्रही आपल्याकडे जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्साच्या भेदांत रक्तादींपासून उद्भवणारा क्षोभज आणि विष्ठा, कृमी यांपासून उद्भवणारा उद्वेगी यांचा निर्देश आहे. स्टोमा हे या दोन्ही भेदांचे एकत्र येणे होय. आतडेही दिसते आणि मलही. परंतु रसविचारात जुगुप्सेचा विषय नेहमी समोर असतो. पाहणारा वेगळा आणि पाहिला जाणारा देह वेगळा. म्हणूनच जुगुप्सेतून वैराग्याकडे, बीभत्सातून शांताकडे जाण्याची वाट कल्पिता आली. ऑस्टोमी झालेल्या माणसाला स्वतःच्याच पोटाकडे रोज पाहावे लागते, ते स्वच्छ करावे लागते, त्वचा लाल झाली आहे का ते तपासावे लागते. त्याला वैराग्य परवडत नाही. जुगुप्सेचे रूपांतर त्याला सरावात, काळजीत, शक्य झाल्यास सख्यात करावे लागते. या रूपांतरासाठी रसशास्त्रात स्थान नाही, आणि ज्या समीक्षेने ते शास्त्र प्रमाण मानले तिच्याही शब्दकोशात ते नाही.

दुसरीकडे, मल आणि घाण यांचे निर्भय कथन मराठीत झालेले आहे, पण ते निराळ्या दालनात. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) पासून बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) पर्यंत दलित आत्मकथनांनी समाजाने अंगावर टाकलेली घाण आणि तिच्यासोबतचे जगणे यांचे वृत्तांत दिले. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये शेणातून निघालेले जोंधळ्याचे दाणे धुऊन, दळून केलेल्या भाकरीचा प्रसंग आहे. तोंड आणि मल यांच्यातील जे अंतर सोवळ्याने राखले होते ते त्या भाकरीत उरत नाही. आणि ते न उरण्याला देह जबाबदार नसून समाजव्यवस्था आहे, हे वाचकाला कळते. या लेखनाची चर्चा समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून झाली, विद्रोह म्हणून झाली. देहानुभवाचे काव्यशास्त्र म्हणून मात्र ती फारशी झाली नाही.

परिणामी मराठीत दोन दालने शेजारी असूनही त्यांच्यात दार नाही. एकात आजार आहे पण मल नाही. दुसऱ्यात मल आहे पण तो आजाराचा नाही, जातीचा आहे. ऑस्टोमीचा अनुभव या दोहोंमधील भिंतीवर उभा आहे. तो पहिल्यात बसत नाही कारण तो ओंगळ आहे. दुसऱ्यात बसत नाही कारण तो सामूहिक अन्यायाचा नाही. शिवाय त्याला ‘पूर्ववत’ होण्याचा शेवटही नाही. १९९३ या एकाच वर्षी, परस्परसंबंध नसलेल्या दोन घटना घडल्या : भारताच्या संसदेने हाताने मैला वाहून नेण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि जगात पहिला जागतिक ऑस्टोमी दिन पाळला गेला. दोन्हींचा विषय मल आणि माणसाची प्रतिष्ठा हाच होता. तरी मराठीत त्या दोन्हींना एका वाक्यात आणणारे लेखन सापडणे कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांतही ऑस्टोमीचा उल्लेख नाही. साहित्यातील अनुल्लेख आणि कायद्यातील अनुल्लेख यांत कार्यकारणभाव नाही. पण ज्या समाजाला एखादी स्थिती उच्चारता येत नाही तेथे तिच्यासाठी मागणी करणारेही थोडेच निघतात.

६

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. एका शस्त्रक्रियेच्या परिणामाला जातीच्या विटाळाशेजारी बसवणे म्हणजे शतकांच्या अन्यायाला रूपकाच्या पातळीवर आणणे नव्हे काय? सूझन सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजाराला रूपक बनवण्याविरुद्ध दिलेला इशारा उलट दिशेनेही खरा आहे; अन्यायालाही आजाराचे रूपक बनवू नये. हा आक्षेप स्वीकारूनच पुढे जावे लागते. सवर्णाची पिशवी कपड्याखाली झाकते, जात आडनावातून बाहेर येते. ऑस्टोमी झालेल्या सवर्णाला घरातले माणूस लागते; पण इतरांची घाण वाहायला लावलेल्या माणसाला ते काम पिढ्यानपिढ्या करावे लागले. आणि ऑस्टोमी झालेल्या दलित माणसाला दोन्ही प्रकारचे अंतर सोसावे लागते. तेव्हा समानता अनुभवांची नाही. समानता आहे ती एका प्रश्नाची : न फिटणाऱ्या विटाळासह माणूस म्हणून कसे जगायचे? हा प्रश्न मराठीत ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर विचारला, त्यांच्याकडे जाण्यावाचून ऑस्टोमीच्या कथनाला पर्याय नाही. हे जाणे उसनवारीचे असेल तर ऋणही मान्य केले पाहिजे.

चौदाव्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगात केलेला युक्तिवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. विटाळाचे मूळ देहातच आहे, विटाळावाचून देह निर्माणच होत नाही. मग सोवळा कोण उरतो, असा तो युक्तिवाद. तो सामान्यतः जातिभेदावरील आघात म्हणून वाचला जातो, आणि तसा तो आहेच. पण तो देहाविषयीचे विधानही आहे. विटाळ ही बाहेरून लागणारी बाधा नसून सर्व देहांचे समान द्रव्य आहे, असे ते विधान. बौद्ध परंपरेत देहाच्या बत्तीस घटकांचे जे स्मरण सांगितले आहे त्यात केस, नखे आणि दात यांच्याच रांगेत मलही येतो. त्या स्मरणाचा हेतू आसक्ती कमी करण्याचा असला, तरी त्या यादीत कोणाचाही देह अपवाद नाही. भंडारा जिल्ह्यातील बौद्ध घरांपर्यंत हा विचार पोचलेला आहे. त्याने तेथील रुग्णाची लाज आपोआप नाहीशी होते असा दावा करता येणार नाही. लाज ही विचाराइतकीच शेजाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. परंतु ज्या घरात विटाळ हा शब्दच नाकारण्याचा विचार पोचला आहे, तेथे पिशवीविषयी बोलण्याचा आरंभ निराळ्या ठिकाणाहून होऊ शकतो.

आणखी एक साधन सर्वच मराठी भाषकांकडे आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठीने आतड्याला केवळ मलाची नळी मानलेले नाही. आतडे तुटते, आतडे पिळवटते. माया आतड्याची असते. अपराध पोटात घातला जातो. मूल पोटचा गोळा असते. करुणेचा आणि नात्याचा अवयव म्हणून मराठी बोलणारा हृदयाइतकाच आतड्यावर विसंबतो, कदाचित अधिकच. स्टोमा म्हणजे हेच आतडे; लालसर, ओले, आणि आता पोटावर उघडे. डॅनिश बहीण ज्या मायेने पिशवीचा विचार करू लागली त्या मायेला मराठीत आतड्याचेच नाव आहे, आणि रोवणीहून परतून नवऱ्याची किंवा आईची पिशवी बदलणाऱ्या बाईच्या मायेलाही तेच. भाषेने या अवयवाला एका हाताने वाळीत टाकले आणि दुसऱ्या हाताने काळजाशेजारी बसवले. या दोन वापरांना एकमेकांसमोर आणणारे लेखन अद्याप व्हायचे आहे.

ते लेखन रुग्णालाच करावे लागेल, किंवा त्याची शुश्रूषा करणाऱ्याला; समीक्षेला ते लिहिता येणार नाही. समीक्षेकडे मात्र दोन कामे राहतात. दलित आत्मकथने आणि आजारपणाची आत्मकथने ही दोन दालने एकत्र वाचणे, हे पहिले. श्लील आणि अश्लील, सुंदर आणि बीभत्स या जोड्यांमागे विटाळाचा कोणता हिशेब दडला आहे हे तपासणे, हे दुसरे. नागपूरच्या रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेली भंडाऱ्याची बाई आपल्या पोटाविषयी कोणत्या शब्दांत बोलते, कोठे थांबते आणि कोणत्या ठिकाणी ‘पिशवी’ म्हणून पुढे सरकते, याची नोंद अद्याप कोणी केलेली दिसत नाही. बोलीच्या, स्त्रीवादी आणि दलित साहित्याच्या अभ्यासकांनी ती करावी इतकी ती त्यांच्या जवळची आहे. ती होईपर्यंत ‘अनुभवाची अस्सलता’ या जुन्या चर्चेत एका अनुभवाची जागा मोकळीच राहील.